बर्गनहून फोन करणारीला

घरात ठेवायला स्वभाव कसा असतो, विचारलंस.
थांब हं, दूध आधी विस्तवावरून उतरवते.

हां. तर ऐक, थेआ,
ही जात तुझं ऐकणार नाही.
म्हणजे बहिरी नाही, गैरसमज नको.
कान तिला घडी घालून मिटता येतात,
मातीत शिरताना, पाण्यात,
आणि मी अंघोळीला हाक मारते तेव्हा.

प्रत्येक पायाला सहा बोटं. पैसे देण्याआधी मोजून घे.
मान मागे वळून पाठीला टेकते,
त्यामुळे ताट तू कुठेही ठेव,
जागची न हलता तिला दिसतं.

आमच्या व्हॅरॉयच्या कड्यांवर हिच्या खापरपणज्या
कातळाच्या भेगांत सरपटत शिरायच्या
आणि काळोखातून पफिन घेऊन यायच्या
जिवंत, पंखाला ओरखडासुद्धा नाही.
आता पक्षी धरायला बंदी आहे. बरंच झालं.
पण टिन्नाला ते कुणी सांगितलेलं नाही.

पावसात ती बाहेर जाणार नाही.
आणि आमच्याकडे पाऊस कधी नसतो, सांग?
सात वर्षं झाली, दारातलं पायपुसणं तिचंच आहे.
टपालवाला आर्नफिन तेवढीच वर्षं येतोय,
अजून टेबलाखालून त्याच्या बुटांचा अभ्यास चालतो.
चावत नाही. फारशी भुंकतही नाही.
विचार करते, आणि ते जास्त अवघड जातं पाहुण्यांना.

मुलं आहेत ना तुला?
सुन्निवाने पहिल्याच दिवशी मिठी मारली
तर अंगाचं पाणी करून निसटली, खिडकीवर जाऊन बसली.
ऐलिफ मात्र कुणाला बोलवत नाही, माणसांनाही नाही.
तो फरशीवर जाळ्याच्या गाठी सोडवत बसतो
आणि ती येते, पाठीला पाठ लावून बसते,
जणू तिथे योगायोगानेच जागा होती.

आता खरं सांगायचं ते सांगते.
गेल्या हिवाळ्यात बुडोहून माणूस आला नवी शेगडी बसवायला.
त्याने आणि ओड्वारने मिळून जुनी पुढे ओढली.
मागे, भिंतीच्या खोबणीत:
ओड्वारचा एक मोजा, सुकटीचं डोकं,
सुन्निवाचा दुधाचा दात (परीने नेला म्हणून आम्ही नाणं ठेवलं होतं),
कोंबडीचं अंडं, कुठल्या महिन्याचं देव जाणे,
एक तडा नाही.
आणि सासूबाईंचं कानातलं यंत्र.

त्या यंत्रावरून मी वृद्धाश्रमातल्या नर्सशी भांडले होते.
तोंडाला येईल ते बोलले होते.
शेवटचे चार महिने सासूबाई
नुसत्या आमच्या ओठांकडे बघून हसायच्या.

कुणीच काही बोललं नाही.
टिन्ना मधोमध बसली होती, मान उलटी टाकून,
आम्ही सगळे तिला खालचे वर दिसत असणार.
ओरडायला हवं होतं. मला ओरडणं सुचलं नाही.
ओड्वार म्हणाला, ढकला मागे.
बुडोच्या माणसाने घड्याळ बघितलं, मग आमच्याकडे, मग ढकललं.
नवी शेगडी अजून बोटींच्या शेडमध्ये आहे, प्लास्टिकसकट.

यंत्र तेवढं मी काढून घेतलं, पुसून टेबलावर ठेवलं.
नर्सला पत्र लिहायचं होतं.
सकाळी टेबलावर यंत्र नव्हतं.
मी शोधलं नाही.
पत्र लिहिलं, पण ते वेगळं.

तर असा स्वभाव.
पोट नाजूक असतं या जातीचं, लोणी-चरबी अजिबात नको.
अंगठी रात्री काढून ठेवतेस का? ठेवू नकोस.
पिल्लं दोन उरलीत. एक माझ्याकडे बघतं,
दुसरं मी गेल्यावर माझ्या जागेकडे बघतं.
तुला कोणतं झेपेल ते फोनवर कळत नाही.

गुरुवारची बोट धर.
म्हणजे, वारा सुटू देणार असेल तर.