बारा भोकं

चासी तयार आहे.
मोडीत काढलेल्या मागाचे अँगल कापून केली,
मागची चाकं टेम्पोची, पुढची फटफटीची.
वेल्डिंग सगळं रविवारचं,
गल्लीतले माग बंद असले की
व्होल्टेज जरा माणसासारखं वागतं.

आता इंजिन.

मकबूलच्या भंगारात स्कूटरचं एक पडलंय,
टू-स्ट्रोक, गिअर अंगातच.
"घे की बे," म्हणतो, "एकटा उचलून नेशील."
पण त्याला समोरून वारा लागतो,
आणि मी बसवणार सीटखाली, पेटीत,
एप्रिलात, अक्कलकोट रोडला,
दुपारी दोनला डांबर जिथं चप्पल सोडत नाही.
पंखा लावीन म्हणालो.
मकबूलनं चहा खाली ठेवला नि हसला.

दुसरं शिवशरणच्या विहिरीवरचं.
डिझेल, एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर,
हँडल मारून उठणारं.
पाणी गेलं तसं ते बसून आहे,
टाकीमागं कोंबडी अंडी घालते.
ते मरायचं नाही, हे मला ठाऊक आहे.
सोळा वर्षांत रिंगा एकदाच बदलल्या, मीच बदलल्या.
पण वजन बघा की ओ,
गाडीनं टॉवेल वाहायचे का इंजिन?
रिव्हर्ससकट गिअरबॉक्स वेगळा शोधायचा, क्लच वेगळा.
आणि आवाज.
आवाजाचं मला कुणी सांगू नये.
चौतीस वर्षं जॉबर होतो,
चोवीस मागांत पाठमोरा उभा राहून सांगायचो
कुठला धोटा अडतोय.

तिसरं अजून पुतण्याच्या वहीत आहे.
अठ्ठेचाळीस व्होल्टची मोटर, चार बॅटऱ्या.
"काका, धूर नाही, तेल नाही, आवाज नाही."
वहीत सगळं पळतं, श्रीधर.
वहीत चढ नसतो,
वहीत नीलम नगरची वीज मंगळवारी जात नाही.
तरी रात्री चष्मा लावून
त्याचे आकडे मी दोनदा ताडून बघितले.
चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

चासीला तिन्ही मापांची भोकं पाडून ठेवली,
चार-चार.
ठरत नाही तेव्हा हात तरी चालू ठेवावेत.

शेवटी राजमणीला विचारलं.
गाडी तिच्यासाठीच तर,
शिवलेल्या टॉवेलांचे गठ्ठे नि तिचे गुडघे
एकाच खेपेत न्यायचे.
तरुणपणी ती कारखान्यात कांड्या भरायची,
उजवा कान तिथंच राहिला, डावा अर्धा आला घरी.
आम्ही ओठ बघून बोलतो.
रात्री भांडायचं झालं तर दिवा लावावा लागतो.

शिवशरणच्या रानात तिला नेलं, हँडल मारलं.
काळा धूर, कोंबडी उडाली,
राजमणीनं टाकीवर तळहात ठेवला
नि बराच वेळ काढला नाही.
"नडुस्तुंदि," म्हणाली. चालतंय.
"आणि ती मुकी मोटर?
ती बंद पडली तर मला कळणार कसं?"

मला वाटलं, ठरलं.

घरी येऊन तिनं डिझेलचा भाव विचारला.
मग बोटांवर, टॉवेलांच्या डझनांत हिशेब:
आठवड्याला एवढ्या किनारी शिवायच्या
फक्त त्याच्या पोटासाठी.
सुईत दोरा ओवला, परत काढला.
"मुकीच घाल," म्हणाली.
"पण माझ्या पायाखालच्या पत्र्याला
मागाचा जुना पिकर लाव,
चाक फिरलं की ठोकेल असा."

श्रीधर म्हणाला, यात पॉवर वाया जाते.
किती?
त्यानं वही उघडली, मिटली.

काल पहिल्यांदा चौकापर्यंत गेलो.
ठक, ठक, ठक, मागे ती,
पाय पत्र्यावर सपाट ठेवून, चप्पल हातात.
वळणावर मी हळू केलं
तर पाठीत बोट टोचलं तिनं:
का थांबला?

उरलेली आठ भोकं बुजवलेली नाहीत.
शिवशरणला सांगायचं राहिलंय.
आणि मकबूलनं ते स्कूटरचं अजून विकलं नाही,
पुसून, पोत्यावर, पुढच्या बाजूला मांडलंय.
मी त्या गल्लीतनं जातो तेव्हा
दुसरीकडं बघतो.