चार हजारांच्या वर

नोव्हेंबरात ताम्पेरेला साडेतीनलाच दिवे लागतात.
दुकान आवरायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो आला.
टोपी झटकली, बूट दोनदा पुसले,
आणि म्हणाला, नको तेवढ्या मोठ्यानं:
"मला ऐकू कमी येतं. चांगला हेडफोन दाखवा."

अकरा वर्षं मी या काउंटरमागे आहे.
येणारे आवाजाची चव सांगतात:
हा उबदार, तो कोरडा, त्याचा खर्ज अंगावर येतो.
चांदीची वायर लावली की पडदा सरकला म्हणतात,
मी मान डोलावतो. पगार त्याचाच आहे.
पण कान गेले म्हणून भारीतला मागणारा
हा पहिलाच.

आर्मास. वाल्केआकोस्कीच्या कागद गिरणीत छत्तीस वर्षं,
चार नंबरच्या मशीनवर, सुरुवातीला कानात नुसता कापूस.
खिशातून त्यानं दवाखान्याचा आलेख काढला,
चार घड्या घातलेला:
रेघ सपाट चालत येते आणि मग कड्यावरून पडते.
"चार हजारांच्या वर माझ्याकडे काही नाही."
हर्ट्झ? मी विचारलं.
"युरोसुद्धा."

पहिला त्यानं लगेच उतरवला,
दारात डोकं अडकल्यासारखं वाटतं म्हणे.
दुसरा सगळ्यांना आवडतो, मलाही;
तो डोळे मिटून बसला, मग म्हणाला,
"हा गोड बोलतो. असा एक फोरमन होता आमचा."
तिसरा मागच्या फळीवरचा, वापरलेला,
जाळीच्या पाठीचा, गाद्या चपटलेल्या,
कुणा दंतवैद्यानं घर बदलताना विकून टाकलेला.
तो कानांवर ठेवला
आणि त्यानं हातमोजे काढले.

सीडी त्याचीच. गिरणीचा वाद्यवृंद, त्र्याऐंशी साल, कामगार सभागृह.
दुसऱ्या रांगेत आर्मास स्वतः, डबल बासवर.
मागे कोपऱ्यात तैस्तो, ट्रायंगल घेऊन:
लोखंडाचा त्रिकोण, एक सळई,
ब्याण्णव आवर्तनं मोजायची आणि तीनदा वाजवायचं.
तैस्तो म्हणतो, तीनही वाजवले.
आर्मास म्हणतो, तिसरा खाल्लास.
चाळीस वर्षं हा खटला चालू आहे,
आता फोनवरून, दर रविवारी, एकमेकांवर ओरडत,
आणि दोघांनाही
ट्रायंगल ऐकू येत नाही.

"म्हणजे तुम्हाला साक्षीदार हवाय," मी म्हणालो.
"हेडफोनही हवाय," तो म्हणाला.
"उरलंय ते तरी भेसळीशिवाय मिळू दे."

त्याच तारेला फाटा काढून मी दुसरी जोडी लावली.
खुर्ची करकरली. कुणीतरी पान उलटलं.
बासचा गज तारेवर टेकण्याआधी एक श्वास असतो,
तो त्याला ऐकू आला;
त्याचाच होता, तेहेतीस वर्षांचा.
मग ते ब्याण्णव.
एक. मी बोट वर केलं.
त्याची नजर माझ्या बोटावर.
दोन. पुन्हा बोट.
मग पितळी वाद्यं उसळली, ओसरली,
आणि जिथे तिसरा असायला हवा
तिथे कुणीतरी खोकलं. बस्स.
खोटं बोलणं सोपं होतं, एक बोट उचलण्याइतकं.
माझा हात काउंटरवरच राहिला.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, टाळ्यांसकट.
मग हसायला लागला, खांदे हलेपर्यंत,
"खाल्ला! मेल्यानं खाल्ला!"
नंतर बराच वेळ त्याला सीडीचं झाकण लागेना.

पैसे रोख, दोनदा मोजून.
चांदीच्या वायरीकडे बघितलंही नाही;
होती तीच, एका टोकाला चिकटपट्टी लावलेली,
गुंडाळून खिशात घातली.

दारात टोपी चढवताना म्हणाला,
"रविवारी सांगून टाकतो त्याला. तीनही वाजलेत."
"अहो, पण..."
त्यानं आपल्या कानाकडे बोट दाखवलं,
मान हलवली,
आणि बर्फात उतरला.