बुधवार कोणाचा

सोमवार महादेवाचा. गुरुवार दत्ताचा.
श्रावण तर अख्खाच देवांचा, त्यावर कोणी वाद घालत नाही.
डिचोलीच्या बसस्टँडमागे माझी खाणावळ,
सहा टेबलं, एक पंखा, फळ्यावर खडूनं लिहिलेलं जेवण,
आणि त्या फळ्यावर गेल्या ज्येष्ठापासून
बुधवारीही: शिवराक.

पहिल्या बुधवारी पर्येकर सर्व्हेअर दारातच थांबला.
"आज कोणाचा उपास गो, वयनी?"
मी म्हटलं, कोंबडीचा.
तो हसला. सगळेच हसले.
जुझे पायलट हेल्मेट काढता काढता म्हणाला,
"पाद्रीला विचारतो, हा कुठला नवा सांत."
मीही हसले. गिऱ्हाइकाशी भांडून भात खपत नाही.

काय सांगणार होते?
की चोर्ल्याचा घाट उतरून बेळगावची गाडी येते
पहाटे चारला, साडेचारला,
आणि बावीस वर्षं मी ती फक्त ऐकलेली:
ब्रेक, हॉर्न, फरशीवर पिंजरा आदळल्याचा आवाज,
"वयनी, बारा!"
आणि मी आतून, "ठेव."

वैशाखात एका पहाटे टायर फुटला, माझ्याच दारात.
ड्रायव्हर जॅक शोधायला गेला.
क्लीनर इक्बाल, सतराचा असेल नसेल,
पायरीवर बसून डुलक्या काढत होता.
मी दिवा लावला.
चार मजले पिंजऱ्यांचे. वरच्यांचं खालच्यांवर.
बसलेल्या म्हणू, की उभ्या? नुसत्या भरलेल्या.
गोणीत चवळी भरतात तशा.
चोची उघड्या, आवाज नाही.
मला आपलं वाटायचं, कोंबड्या ओरडतात.

पाणी नेलं. आधी ताटलीत, ती जाळीतून जाईना.
मग ओंजळीत.
एकीनं चोच बुडवली, मान वर केली,
पाणी घशातून उतरताना डोळे मिटले,
चहाच्या पहिल्या घोटाला माझे सासरे मिटायचे तसे.
दुसरीनं माझ्या अंगठ्याचं नख टोचून पाहिलं,
दाणा समजून.
इक्बाल जागा झाला. म्हणाला,
"कशाला उगाच. पोचल्यातच जमा आहेत."

त्यातल्या बारा माझ्याच होत्या.
त्या दिवशी शागोती केली, नेहमीसारखी.
खोबरं भाजलं, खसखस, दगडफूल,
मीठ बघायला रस तळहातावर घेतला,
त्याच तळहातावर.
मीठ बरोबर होतं. एक वाजता टोप रिकामा.
हे मी लपवत नाही.

आणि मंगळवारी माझ्याकडे बांगडे असतात,
शुक्रवारी तिसऱ्या.
मांद्रेकर वकील बोट वर करून विचारतो,
"बांगड्याला जीव नसतो वाटतं?"
असतो, मी म्हणते,
आणि त्याच्या ताटात आणखी एक वाढते,
कारण तो त्यानं मागितलेला असतो,
आणि पुढचं उत्तर माझ्याकडे नसतं.
रविवारी आता बाराच्या जागी आठ घेते.
इक्बाल वहीत आठ लिहितो, वर बघत नाही.
राहिलेल्या चारांचं काय होतं?
बहुतेक पुढच्या दुकानात उतरतात.

बुधवारी आळसांद्यांचं तोणाक, निरफणसाची कापं,
मुगागाठी, सोलकढी.
गल्ला तिसऱ्या हिश्शानं कमी.
नवरा बोलत नाही, खडू लपवून ठेवतो.
मग मी भिंतीवरच लिहिते, कोळशानं.

सोमवारी माणसं देवाला भिऊन सोडतात,
गुरुवारी काही मागून.
बुधवारी मागायचं तरी काय,
कोंबडी काय देणार आहे.
पर्येकर मात्र दुसऱ्यांदा तोणाक घेतो
आणि दर वेळी विचारतो, "पावली का गो?"

पहाटे दार उघडं ठेवते हल्ली.
पायरीवर बादली, त्यात तांब्या.
गेल्या आठवड्यात इक्बालनं तांब्या भरून घेतला
आणि गाडीच्या मागच्या अंगाला गेला.
तोंड धुवायला, की आणखी कशाला,
अंधार होता, आणि मी
मुद्दाम दिवा लावला नाही.