ओहोटी, भाग सहावा

हाकोदातेत हिवाळ्यात चारलाच दिवे लागतात.
दुकानाच्या काचेवर आतून वाफ, बाहेरून बर्फ,
मधे मी,
कुणाच्या तरी घाबरट अंगठ्यांनी झिजवलेला
कंट्रोलर उघडून बसलेली.

‘ओहोटी’चा सहावा भाग येऊन नऊ दिवस झाले.
सात वर्षं वाट पाहायला लावली मेल्यांनी.
आता जो येतो तो उंबऱ्यात आधी बूट झटकतो
आणि मग मत.

फुमिया म्हणतो, काड्या फार दिल्यात.
पहिल्या भागात तीन होत्या. तीन!
त्यातली एक सादळलेली,
आणि कुठली, ते ओढल्याशिवाय कळायचं नाही.
‘भीती म्हणजे काय,
तर काडेपेटी हलवल्यावर येतो तो आवाज,’
असं म्हणून तो खिशातल्या किल्ल्या खुळखुळवतो.
घरी दोन लहान मुली.
त्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून खेळतो,
आणि वर तक्रार, की संगीतात पूर्वीचा दम नाही.

चिहारू इस्पितळात रात्रपाळीला असते.
ती म्हणते, तो लांब बोळ मात्र हुबेहूब.
टोकाचा दिवा अस्साच लुकलुकतो.
फक्त त्यातली बाई
आत जाऊ की नको, जाऊ की नको, करत दारात थांबते.
‘आमच्याकडे घंटी वाजली की जायचं असतं,’
एवढं बोलून ती पिशवीतली संत्री सोलायला घेते.
सालांचा वास सोल्डरच्या धुरात मिसळतो.

खरं भांडण शेगडीच्या खोलीवरून.

पाचही भागांत एक नियम होता.
पाणी ओसरतं, बुडालेलं गाव वर येतं,
गल्ल्यांतून ते फिरतं, शिंपल्यांसारखं चरचरत,
पण एक खोली असते,
खिडकीला जुनी वर्तमानपत्रं डकवलेली,
शेगडीवर किटली पुटपुटत असलेली.
तिथे ते येत नाही.
तिथे आम्ही सगळे कधी ना कधी
हातातलं सगळं खाली ठेवून नुसते रडलोय.

सहाव्यात ते तिथेही येतं.

‘हा विश्वासघात आहे,’ फुमियाचे कान लाल.
इओरी सोळा वर्षांचा, जुना एकही भाग न खेळलेला,
खांदे उडवतो:
‘दार ठेवलंय म्हटल्यावर कुणीतरी येणारच की.’
चिहारू संत्र्याची फोड तोंडाशी नेता नेता थांबते.
फुमियाला उत्तर सापडत नाही,
तो उगाच किमतीवर घसरतो.

तेवढ्यात सुगावारा आजोबा.
अओमोरीच्या बोटींवर बॉयलर सांभाळण्यात जन्म गेला,
आता गुडघे आणि एक टीव्ही.
ते बॅटऱ्या मागतात. दोन. नेहमीच्या.
‘तुम्ही पण घेतला ना आजोबा? कसा वाटला?’
‘चांगलाय.’
‘कुठवर आलात?’
‘खोलीत.’
‘कुठल्या?’
‘त्या. शेगडीच्या.’
एकेचाळीस तास झालेत त्यांचे,
सुरुवात होते त्या खोलीतून ते बाहेरच पडलेले नाहीत.
संध्याकाळी चालू करतात,
जेवतात, पेपर वाचतात,
किटली ऐकत बसतात.

आम्हाला ठाऊक आहे,
एकदा बाहेर जाऊन परत आलात
की ते तुमच्या ओल्या ठशांवरून माग काढतं.
आधी नाही.
इओरी सांगायला तोंड उघडतो,
चिहारू त्याच्या तोंडात संत्र्याची फोड कोंबते.

‘एकच खटकलं,’ आजोबा सुट्टे मोजत म्हणतात,
‘किटलीतलं पाणी आटतच नाही.
मी आयुष्यभर पाण्याची पातळी पाहत आलो.
असं कुठे होत नाही.’

गेले. मग एकेक करून सगळेच गेले.
दूर स्क्विडच्या होड्यांचे दिवे समुद्रावर लागले.
मी शटर अर्धं ओढलं,
परत आले,
आणि पोतेरं घेऊन
दारापासून काउंटरपर्यंतचे
ओले ठसे
सगळे पुसून टाकले.
माझेसुद्धा.