रजेचं कारण

कुपवाडच्या व्हॉल्व्ह कारखान्यात
टाइम ऑफिसची खिडकी एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.
आत लोखंड ओततात,
मी माणसांचे दिवस ओततो रकान्यांत:
किरकोळ, अर्जित, वैद्यकीय, बिनपगारी.

वैद्यकीय रजा ज्याची त्यालाच.
ताप कामगाराला हवा,
त्याच्या लेकराला आलेला चालत नाही.
म्हणून माझ्या रजिस्टरात सगळे स्वतःच आजारी.
पोरगी भाजली की बाप कंबरदुखीनं आडवा,
आई न्हाणीत घसरली की मुलाला कावीळ.
मिरजेत एक डॉक्टर पन्नास रुपयांत
मागाल तो आजार लिहून द्यायचा.
अक्षर मात्र सुरेख.

मला ही भाषा वाचता यायला दोनेक वर्षं लागली.
'चक्कर, अर्धा दिवस' म्हणजे शाळेत बोलावलंय.
'डोळे आले' म्हणजे सासऱ्याचा मोतीबिंदू.

भूपाल मगदूम, लेथ, दुसरी पाळी:
चौदा महिन्यांत एकसष्ट वेळा जुलाब,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
मॅनेजर म्हणाला, पोट आहे की एसटीचं वेळापत्रक?
मीही हसलो. खोटं कशाला बोलू.

नुसत्या जुलाबांवर भागेना, कंपनीच्या डॉक्टरनं तपासायला बोलावलं,
तेव्हा त्यानं काखेत कांदा धरून ताप आणला.
ज्याच्या घराचा उंबरा कांद्यानं कधी ओलांडला नाही
तो माणूस मार्केट यार्डाबाहेर उभा राहून
एक, फक्त एक कांदा विकत घेत होता.
मी सायकल थांबवून पाहिलं
आणि पुढे गेलो.

मिरजेच्या दवाखान्यात त्रिशला
चार तास मशीनला जोडलेली असायची.
पाणी दिवसाला वाटीनं मोजून;
वाटीच्या आत त्यानं खिळ्यानं रेघ मारलेली.
सुया निघेपर्यंत दिवस मावळायचा
आणि मावळल्यावर ती खायची नाही.
डबा भरलेला जायचा, भरलेलाच घरी यायचा.
हे मला नंतर कळलं. सगळंच नंतर.

फाल्गुनात ती गेली.
मयताची रजा, तीन दिवस, मी उभ्या उभ्या मंजूर केली.
मेलेल्या माणसासाठी आमच्याकडे रकाना होता.

आषाढात परिपत्रक लागलं:
कुटुंबीयांच्या शुश्रूषेसाठी वर्षाला दहा दिवस, भरपगारी.
खाली युनियननं खडूनं लिहिलं, हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.
शुश्रूषामधला कुठला श आणि कुठला ष
यावरून बोर्डापाशी दोघांची जुंपली.
कँटीनवाल्यानं विचारलं, कुटुंबात मेव्हणी धरतात का?

पहिला आला मगदूम.
पाळी सुटल्यावर, हात धुऊन, ओल्या बोटांनी.
"शिकलगारभाऊ, मागची धरता येतील का ह्यात?"
म्हटलं, जूनच्या आधीची नाहीत. साहेबांना विचारलं तरी
पैसे मिळायचे नाहीत.
"पैसं नगं ओ.
मला कधी जुलाब झालंच नव्हतं.
तेवढं नीट करा."

रजिस्टर काढलं. जुनं, पाठ फाटलेलं.
शाईनं लिहिलेलं खोडायचा अधिकार मला नाही.
पेन्सिलीला टोक केलं
आणि समासात, ऑडिटरच्या चष्म्याला दिसेल न दिसेल
इतक्या बारीक अक्षरात लिहीत गेलो:
त्रिशला.
त्रिशला.
बाहेर तिसरी पाळी आत शिरत होती, कार्डं ठकठक वाजत होती.
तो खिडकीला टेकून
प्रत्येक तारखेवर बोट ठेवत होता.

भाद्रपदातल्या एका शुक्रवारी त्यानं मला थांबवलं.
"न्हाई, ह्या दिवशी
खरंच माझं पोट बिघडलं हुतं.
तिला तिचा भाऊ घेऊन गेलता."

तेवढी एक ओळ तशीच ठेवली.