उसवण

गोलीबार चौकाच्या मागच्या गल्लीत
ज्या खोलीत सासऱ्यांचा माग होता
तिथेच मी तंबू शिवते.
मागाचा खड्डा बुजवला नाही अजून.
पाय सोडून बसायला बरा पडतो,
उन्हाळ्यात तर फारच.

पहिले स्काउटवाल्यांचे यायचे.
दोन बांबू, आठ खुंट्या, खाली काहीच नाही,
पोरं सतरंजीवर, सतरंजी मातीवर.
आता येतात त्यांना तंबू काहून म्हणायचं?
पडद्याला झालर, न्हाणीला चेन,
खिडकीला जाळी, जाळीला परत पडदा.
सुनेने कागद वाचला, म्हणाली,
आई, याला ग्लॅम्पिंग म्हणतात,
एका रात्रीचे चौदा हजार.
मी म्हटलं, म्हणू दे बापा.
शिवणीचे मीटरमागे सात रुपये
झालर असो की नसो.

जैसलमेरचे तंबू दुरुस्तीला येतात एप्रिलात.
उसवलं की शिवणीतून रेती निघते,
मैद्यासारखी.
बॉबिनमध्ये शिरते, मशीन करकरते.
झाडून फेकायला जीव होत नाही,
चहापत्तीच्या डब्यात भरून ठेवली.
वाळवंट मी पाहिलं नाही,
वजन मात्र सांगू शकते:
पाव किलोच्या थोडं वर.

जंगलातल्यांना धुराचा वास असतो.
एकदा घडीत पालीची दोन अंडी निघाली.
ती घडी आठ दिवस तशीच ठेवली,
मालक ओरडला.

डिसेंबरात फोन आला कऱ्हांडल्याकडून.
वानराने सात नंबरची खिडकी फाडली,
पाहुणे उद्या सकाळी येऊन राहिले,
बाई, तुम्हीच या.
दाभण, दोरा, मेणाचा गोळा,
डब्यात भाकर अन् ठेचा,
उमरेडच्या बसमध्ये खिडकीजवळ बसली.

सात नंबरात पलंग होता, वर झुंबर.
गादी इतकी पांढरी
की टेकायच्या आधी मी पेपर अंथरला.
वानराचं कामही पाहिलं नीट.
शिवणीला हात नव्हता लावला त्याने,
कापडच फाडलं होतं.
मनातल्या मनात म्हटलं, शाबास
(त्याला नाही, स्वतःला).

दोरा तोडला तेव्हा शेवटची बस गेली होती.
मॅनेजर म्हणाला, स्वयंपाकघरामागे
स्टाफचा तंबू आहे, झोपा तिथे.
बॅटरी मारली.
हिरवा, विटलेला, दोन बांबूंचा.
अन् वरच्या आढ्याची शिवण
अर्ध्यापर्यंत पांढरी,
पुढे लाल.

गुणवंत पोटात होता, नववा लागला होता,
पांढरा दोरा संपला, दुकान बंद,
अन् मी म्हटलं होतं,
आढ्याकडे मान वर करून कोण पाहतो?

सव्वीस वर्षं.
कोणत्या शाळेतून, कोणत्या लिलावातून
फिरत फिरत हा इथे आला, त्यालाच ठाऊक.
माझ्या हातचं होतं,
पण मी त्याच्या आतून कधी पाहिलंच नव्हतं.
तंबू बाहेरूनच शिवतात ना,
आतली बाजू विकत घेणाऱ्याची.

रात्री पाहुण्यांची शेकोटी विझली.
चितळ ओरडलं, एकदाच.
भांडी घासणारा लोमेश
तांदळाच्या पोत्याला टेकून म्हणाला,
झोपा मावशी, ते रोजचंच आहे.

गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगते:
कापड ओलं असलं की
आतून बोट लावू नका,
लावलं तिथून पाणी येतं.

पहाटे दवाने आढं जड झालं होतं,
मधोमध थोडं झुकलं होतं.
पांढरा जिथे संपतो अन् लाल सुरू होतो
तिथे मी बोट टेकवलं.
आधी काहीच नाही.
मग एक थेंब आला,
नखावरून, मनगटावरून,
बांगडीपाशी थांबला.

मी बोट काढलं नाही.