पूरक

न्यूकॅसल, मंगळवार. नदीवरून धुकं आलंय,
पार्किंगमधल्या गाड्यांचे नुसते दिवे उरलेत.
मी पॅराफिनची वडी मायक्रोटोमला लावते:
सात मायक्रॉन, सात मायक्रॉन,
एकेक पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा,
साय फाटू नये तसा
ब्रशनं कडेला आणायचा, काचेवर घ्यायचा.

नाव आम्हाला कळवत नाहीत. क्रमांक. वय अडुसष्ट.
व्यवसाय: जहाजावर वेल्डर, वॉल्सेंड.
शेवटची तीन वर्षं त्याच्याकडे एकच शब्द होता.
चमचा, मुलगी, ऊन, दुखणं,
सगळ्याला होडी.

चांदीच्या रंगात ते दिसतात:
पेशीच्या पोटात एकेक काळा गोळा,
केंद्रकाला कोपऱ्यात रेटून बसलेला,
भाड्यानं येऊन घर बळकावलेल्या माणसासारखा.

पुढच्या काचेवर प्रतिपिंड, मग तपकिरी रंग, काथासारखा.
ही पूरक प्रथिनं. नाव किती सालस,
जशी कुणाच्या तरी मदतीला धावलेली.
परकं दिसलं की खूण करायची,
खूण झालेलं मागून येणारे उचलून नेतात.
इथे खूण गोळ्यावर आहे.
पण गोळ्यापाशी थांबलेली नाही.
शेजारच्या धडधाकट पेशीच्या फांद्यांवरही
शिंतोडे आहेत.

कुंपणानं शेत खाल्लं, मी म्हणते.
डॉक्टर प्रेंडरगास्ट चष्मा कपाळावर ढकलतात:
शेत आधीच वाळलं असेल.
दोन्ही एका जागी सापडलं, एवढंच लिही.
एवढंच लिहिते.

फॉर्मच्या शेवटी 'इतर काही' म्हणून चौकोन असतो.
बहुतेक लोक रिकामा सोडतात.
हिनं निळ्या शाईत, रेघा ओलांडून लिहिलंय:
रात्री तो दाराला आतून कडी घालायचा.
जानेवारीत दोनदा मी बाहेर राहिले, कोट नव्हता.
काचेतून मला बघायचा, हातानं सांगायचा, जा, जा.
आणि ओठांवर बोट ठेवायचा.
मला वाटतं, आत त्याची बायको झोपली होती.

गोळे: तीन अधिक.
पूरक: तीन अधिक.
त्या चौकोनासाठी अहवालात रकाना नाही.

साडेपाचला दिवे मालवले.
प्रयोगशाळेचं कुलूप ओढून पाहिलं.
जिन्यावरून परत येऊन
पुन्हा एकदा ओढून पाहिलं.